माशीला दिलेला हात

तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि जाळीच्या पेटीला जवळजवळ नाक लावलं. आतल्या पांढऱ्या कापडावर काहीतरी होतं खरं, पण आधी तिला ते सुताचे तुटके धागे वाटले. मग त्यातला एक धागा टुणकन उडाला आणि चार बोटं पलीकडे जाऊन बसला.

"ह्याच?"

"ह्याच," डॉक्टर म्हणाली. डॉक्टर वयाने तिच्या सुनेएवढी असेल. अंगात पांढरा कोट, पायात रबरी सपाता. "वाळूमाशी. डासापेक्षा कितीतरी लहान. बसली तरी पंख मिटत नाही, असे वर उभे धरते, बघा. आणि गुणगुणत नाही. त्यामुळे चावून जाईपर्यंत पत्ता लागत नाही."

"एवढीशी?"

"घाबरू नका. या पेटीतल्या स्वच्छ आहेत. जंतू दिलेल्या माश्या वेगळ्या खोलीत असतात."

"मी घाबरलेय असं कोण म्हणालं?"

डॉक्टरने चमकून पाहिलं. आयुष्यभर शाळेत कवायत शिकवलेल्या बाईचा तो आवाज होता. मैदानाच्या पार त्या टोकाला पोचणारा, आणि निवृत्तीनंतरही न बसलेला. मुलं पाठीमागे तिला शिट्टीबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा तिला रागही नव्हता.

पेटीवरचं कापड खाली सोडून डॉक्टरने तिला बाजूच्या खोलीत बसवलं आणि सगळं पुन्हा एकदा समजावून सांगितलं. नवी लस तपासायची होती. त्याआधी, लस न टोचलेल्या धडधाकट माणसाला माशी चावली तर फोड नेमका कसा येतो, ते पाहायचं होतं. हातावर एक छोटी वाटी बांधायची, वाटीत माश्या. त्या चावतील. काही आठवड्यांनी तिथे फोड येईल, तो थोडा वाढू देतील, मग औषध करतील.

"हा जंतू कातडीपुरता. पोटात शिरून ताप आणणारा निराळा, त्याचा हा भाऊबंद म्हणा. याने जिवाला धोका नाही. पण डाग राहतो."

"राहू दे. मला कुठे हात दाखवत फिरायचंय?"

"आज मात्र माशी नाही. आज फक्त मेलेल्या जंतूंचा एक थेंब कातडीखाली टोचायचा. दोन दिवसांनी तिथे गाठ उठली, तर शरीराची या जंतूशी आधीच ओळख आहे असं धरायचं. मग आम्हाला तुम्हाला घेता येणार नाही." डॉक्टर जरा थांबली. "तुमच्या घरात झाला होता ना तो तापाचा, काळा आजार?"

"मुलीला. मला काही झालं नव्हतं."

हे वाक्य ती फार घाईने बोलली. मग तिने स्वतःच बाही वर केली.

बाहेर बाकावर तिचा नवरा टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. सोबत यायची गरज नाही असं तिने त्याला दोनदा सांगितलं होतं, तरी तो आला होता.

"टोचलं?"

"टोचलं."

त्याने तिच्या हाताकडे पाहिलं, मग समोरच्या फरशीकडे.

संध्याकाळी मुलगा ऑफिसातून आला तो बूट न काढताच सुरू झाला.

"आई, लोक माशी चावू नये म्हणून जाळ्या बसवतात. आणि तू चावून घ्यायला रांगेत उभी राहिलीस?"

"रांग नव्हती. मी एकटीच होते."

सून पाण्याचे ग्लास उचलता उचलता तोंड फिरवून हसली. मुलगा हसला नाही.

"बाबा, तुम्ही तरी सांगा ना तिला."

"मी सांगितलंय, नको म्हणून," नवरा म्हणाला. तो संत्रं सोलत होता. एकेका फोडीवरची शीर काढून ती बशीच्या कडेला ओळीत लावत होता.

"मग?"

"मग काय. टोचून आली."

मुलाने खुर्ची ओढली. आता त्याचा आवाज खाली आला. "ताईसाठी करतेयस का हे?"

हा शब्द त्याच्या तोंडी अवघडल्यासारखा वाटायचा. ताई गेल्यावर दोन वर्षांनी तो जन्मला होता. त्याच्यासाठी ती कपाटावरच्या फोटोतली, पुढचे दात पडलेली एक मुलगी होती. वयाने तर तो कधीच तिच्या पुढे निघून गेला होता.

"मला ती एकदा बघायची होती," ती म्हणाली.

"कोण?"

"माशी. इतकी वर्षं नुसतं नाव ऐकलं. आज बघितली. आता तिने मला बघावं."

"याला काही अर्थ आहे का?"

"नसेल. पण हात माझा आहे."

नवऱ्याने बशी तिच्यापुढे सरकवली. तिने एक फोड उचलली आणि जेवणाची पानं घ्यायला उठून गेली.

मुलगी होती त्या काळी नवरा डोंगरातून पाण्याचा बोगदा खणायच्या कामावर रात्रपाळीचा फोरमन होता. कामगारांच्या वसाहतीत त्यांना मातीच्या भिंतींची खोली मिळाली होती. भिंतींना बोट जाईल एवढ्या भेगा, मागे गुरांचा गोठा, आणि सदाची ओल. वसाहतीच्या शाळेत तिला कवायतीची नोकरी लागली तेव्हा सासू म्हणाली होती, तुला जायचंय तर जा, पोरीला माझ्यापाशी ठेव. तिने ऐकलं नाही. पोर माझ्याबरोबर येईल, असं सांगून ती पोरीला घेऊन गेली. मुलगी एका जागी ठरत नसे, म्हणून वसाहतीत सगळे तिला भिंगरी म्हणू लागले.

भिंगरीला ताप आला तेव्हा तिथल्या दवाखान्यात हिवतापाच्या गोळ्या दिल्या. ताप उतरला, पुन्हा चढला. हातापायांच्या काड्या झाल्या आणि पोट फुगत गेलं. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवताच वाढलेली पानथरी, म्हणजे प्लीहा, ओळखली, आजाराचं नाव सांगितलं, माशीचंही सांगितलं. पण तोवर पोरीच्या अंगात औषध झेपण्याइतकंही बळ उरलं नव्हतं.

भिंगरी गेली. तिचे दिवस झाल्यावरही माणसं भेटायला येत होती. भरल्या खोलीत सासू म्हणाली, "माशी पोरीलाच बरी चावली. आईला नाही चावली."

ती नवऱ्याकडे पाहत राहिली. तो काहीतरी बोलेल असं तिला वाटलं होतं. तो आपल्या बुटांना लागलेली बोगद्याची माती पाहत होता.

त्यानंतर तिने कोणाचंच काही ऐकून घेतलं नाही. मुख्याध्यापक असोत, क्रीडा अधिकारी असोत, पोरींना मैदानावर पाठवायला नको म्हणणारे बाप असोत, तिने जागच्या जागी प्रत्येकाचं तोंड बंद केलं. सासूच्या त्या एका वाक्याला मात्र तिला उत्तर सुचलं नाही. सासू गेली, तरी सुचलं नाही. एकाच सतरंजीवर झोपायच्या दोघी, एकाच चादरीखाली. भिंगरीचा पाय रात्रभर तिच्या पोटावर असायचा. मग माशीने एकीला वेचून दुसरीला सोडलं कसं? पुढे कित्येक वर्षं आंघोळ करताना ती आपले हात, पोटऱ्या, मान उगाच निरखून पाहायची. कुठे काही नसायचं.

दोन दिवसांनी ती लांब बाह्यांचा ब्लाउज घालून निघाली. नवरा पुन्हा बरोबर होता. उकाडा होता, पण त्याने बाह्यांबद्दल काही विचारलं नाही.

डॉक्टरने बाही वर केली आणि "अरे वा" म्हणून थांबली. टोचल्या जागी लालसर, टणक गाठ आली होती. डॉक्टरने कडेपासून आत बॉलपेनची रेघ ओढली. गाठीच्या काठाशी पेन अडलं. दुसऱ्या बाजूनेही अडलं.

"चांगलीच उठलीय."

"म्हणजे मी नापास."

"आमच्या कामासाठी, हो."

"या हाताचं सोडा. दुसऱ्या हातावर टोचून बघा."

"हात बदलून उत्तर बदलत नाही," डॉक्टर हसून म्हणाली. मग समोरच्या चेहऱ्याकडे पाहून तिने हसू आवरलं आणि स्टूल जवळ ओढलं. "याचा अर्थ काय ते सांगते. फार वर्षांपूर्वी कधीतरी तुम्हाला ती माशी चावलेली आहे. जंतू आत गेला, तुमच्या शरीराने त्याला आवरलं. ताप आला नाही, म्हणून कोणाला कळलं नाही. असं पुष्कळ मोठ्या माणसांचं होतं. लहान मुलांच्या शरीराला ते दर वेळी जमत नाही. पण एकदा झालेली ओळख शरीर विसरत नाही."

"मलाही चावली होती."

"एकदाच असंही नाही. अशा घरात राहिला असाल तर बहुधा रोज रात्री."

तिने हात उचलून डोळ्यांजवळ धरला. गाठ खाजत होती, पण तिने खाजवलं नाही. बाही खाली ओढायला डॉक्टरने हात पुढे केला तेव्हा तिने मान हलवली.

"राहू दे तशीच. बाहेर माझे मिस्टर बसलेत. त्यांना आत बोलवा आणि हेच सांगा. जसंच्या तसं. माझ्या तोंडून नको, तुमच्या तोंडून."

तो आत आला. बस म्हटलं तरी बसला नाही. डॉक्टरने सगळं पुन्हा सांगितलं. तो टोपी हातात फिरवत ऐकत होता. सांगून झाल्यावर तिने हात त्याच्यासमोर लांब केला.

"हात लावून बघा."

त्याने दोन बोटं गाठीवर टेकवली. वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ ती तिथे राहिली.

"गरम आहे," तो म्हणाला.

"तुमची आई असती तर तिलाही दाखवला असता. नेऊन, समोर धरून दाखवला असता. त्या दिवशी जेवढी माणसं बसली होती, त्या सगळ्यांना दाखवला असता."

तिचा आवाज चढला होता आणि तो खाली आणायचा तिचा मुळीच विचार नव्हता. दारातून जाणारी नर्स डोकावून गेली. नवऱ्याने मान खाली घातली. आता हा पुन्हा बूट पाहणार, असं तिला वाटलं. ती वळून पिशवी उचलायला गेली.

"हिची जागा रिकामी झाली का मग?" मागून त्याचा आवाज आला. तो डॉक्टरशी बोलत होता.

"हो. दुसरं कोणी मिळेपर्यंत."

त्याने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. टोपी त्याच्याशेजारी ठेवली. मग शर्टाच्या बाहीचं बटण काढू लागला. बोटं जाड झाली होती, बटण लवकर निघेना.

"माझं बघा."

"काका, तुम्हीही त्याच घरात राहिलात ना? तुमचंही तसंच निघेल."

"नाही निघायचं." बटण निघालं. त्याने बाही एकेक घडी करत कोपराच्या वर नेली. "मी रात्रीचा तिथे नसायचो. माझ्या हातावर काही उठायचं नाही."

हे तो डॉक्टरला सांगत होता, पण डॉक्टरकडे पाहत नव्हता.

तिच्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. इतक्या वर्षांचं होतं, आणि आज आवाजही लागलेला होता. ती त्याच्या उघड्या हाताकडे पाहत उभी राहिली. कोपरापर्यंत उन्हाने रापलेला, त्याच्या वर एकदम गोरा. उजवा हात होता.

"डावा द्या," ती म्हणाली. "उजवा दुखायला लागला तर जेवाल कसे?"

त्याने उजवी बाही पुन्हा खाली केली आणि डावीचं बटण तिच्यापुढे धरलं. तिने ते काढलं.

पिशवीतला फोन वाजला तशी ती बाहेर आली. मुलगा होता.

"काय म्हणाले, आई? नाही म्हणाले ना?"

"मला नाही म्हणाले."

"सुटलो बुवा. मी बाबांना म्हटलंच होतं, तपासणीत जमणार नाही. त्यांना दे ना जरा फोन."

दाराच्या काचेतून तिला आतलं दिसत होतं. डॉक्टर कापसाने त्याचा हात पुसत होती. एरवी सुई दिसली की तोंड फिरवणारा माणूस डोळे उघडे ठेवून सुईकडे पाहत होता.

"आत्ता नाही," ती म्हणाली. "त्यांचा हात मोकळा नाही."