गळाला काय लावलं होतं?

थांबा मित्रांनो, तिथूनच बोला. मी एक जुना, गंजलेला गळ आहे आणि माझा कुणावरही भरवसा नाही. तुमच्यावरही नाही. राग मानू नका. ज्याचा जन्मभराचा धंदाच कणकेच्या गोळीत लपून दुसऱ्याला फसवण्याचा, त्याला सगळं जग गोळीसारखंच दिसणार. गोड दिसलं की आत टोक असणार, हे मी धरूनच चालतो.

जन्माने मी गळ नव्हे, दाभण. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तुरीची पोती शिवायचो. माझा मालक खाजामियाँ तिथला पोती शिवणारा. एकदा माझं नेढं मोडलं. दुसऱ्या कुणी उकिरड्यावर फेकलं असतं. त्याने मला चुलीत लाल केलं, पकडीने वाकवलं, कानशीने घासून टोकाजवळ काटा काढला आणि बायकोला म्हणाला, "बिलकीस, बघ, आता हा पोती न्हाई, पोट शिवंल." तेव्हापासून मी गळ झालो. काठीला दोरा, दोऱ्याला मोरपिसाच्या देठाचा तरंगा आणि खाली मी.

पुढे दुष्काळ पडला. लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. मोंढ्यात पोती येईनात, म्हणून खाजामियाँ रेणापूरकडच्या आपल्या गावी परतला. गावचा तलाव आटून मधे एक डोह तेवढा उरला होता. माणसं तेच पाणी गाळून, उकळून पीत. जिल्हा जवळ आला, आता टँकरही येईल, असं जो तो म्हणे. मला तेव्हाच शंका आली होती. टँकर काही आला नाही.

मग गावाने डोहासाठी नियम केला. जनावर आत घालायचं नाही, जाळं टाकायचं नाही. मासा धरायचा तर गळानेच, आणि गळ टाकण्याआधी आमिष राखणदाराला दाखवायचं. का, तर कुणी आमिषात मिसळून जहर घालेल! दुष्काळात माणसाचं मन असंच होतं बघा. पाणी कमी झालं की संशयाला पूर येतो.

आता गंमत ऐका. राखणदार कोण? तर शिवमूर्तीअप्पा, गावातले किराणा दुकानदार. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि मासळीचा वास आला तरी आंघोळ करणारा माणूस. त्यांना का नेमलं? तर ते मासे खात नाहीत, म्हणजे चोरणार नाहीत. गावाची अक्कल! बिचारे बाभळीखाली बसून नाकाला धोतराचा सोगा लावत, एक डोळा मिटून गांडूळ बघत आणि म्हणत, "हाव हाव, बघितलं. ने लवकर तिकडं."

त्या चैत्रातल्या सोमवारी सकाळपासून वारा पडला होता. ढग खाली उतरले होते. खाजामियाँ खुशीत आला, कारण असं कोंदट आभाळ झालं की मासा खायला उठतो. एरवी दुपारभर तळाला सुस्त पडलेला रोहूसुद्धा वादळाआधी हावरट होतो. विजा सुरू झाल्या की मात्र तोंड मिटून खाली जातो. म्हणजे गळ टाकायचा तो त्या मधल्या वेळात.

"अप्पा, आमिष बघून घ्या," खाजामियाँने डबी पुढे केली.

अप्पांनी मान फिरवली. "आज सोमवार हाय रे खाजाभाई. उपास हाय माझा. ते वळवळणारं नको दाखवू सकाळी सकाळी. बघितलं समज अन् जा."

खरं तर डबीत गांडूळ नव्हतंच. बिलकीसने ज्वारीचं पीठ आणि गूळ मळून गोळी करून दिली होती. खाजामियाँ तसं सांगणारच होता, पण आभाळ गडगडलं आणि तो घाईने पाण्याकडे पळाला.

मला पाण्यात सोडलं आणि तरंगा लगेच बुडाला. पहिला रोहू, लगेच दुसरा. खाजामियाँ हसत होता, पण माझ्या मनात पाल चुकचुकली. मासे खायला येत नव्हते, घाबरल्यासारखे धडका देत होते. इतक्या सहज मिळतं ते बरं नसतं. तेवढ्यात वीज कडाडली आणि गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या गारा! सगळा डोह उकळल्यासारखा झाला, तळाचा काळा गाळ वर आला. खाजामियाँ मला घेऊन बाभळीखाली पळाला. अप्पा तिथेच डोक्यावर पोतं घेऊन बसले होते.

वादळ निघून गेलं आणि गावातली धोंडाबाई घागर घेऊन आली. ती काठावरच किंचाळली, "अगं माय! सगळे मासे उलटे पडलेत! पाण्यात जहर घातलं कुणीतरी!"

घटकाभरात गाव गोळा झालं. डोहभर रोहू आणि कटला पांढरी पोटं वर करून तरंगत होते. माणिकप्पाने, म्हणजे गावच्या पोलीस पाटलाने, खाजामियाँच्या हातातली काठी बघितली. संपलं. सगळ्यांची नजर माझ्यावर. जन्मभर मी दुसऱ्यांवर संशय घेतला, पण इतकी माणसं माझ्याकडे तशी बघताना माझं टोकच थिजलं.

"आज गळ कुणी टाकला? ह्यानंच ना?"

"मोंढ्यात ऱ्हाऊन आलाय तो. तिथं धान्यात टाकायच्या जहरी गोळ्या मिळतात म्हणे!"

"गावातून उठवा ह्याला. आता पाणी काय प्यायचं आमी?"

खाजामियाँ म्हणाला, "माझी लेकरं बी ह्येच पाणी पितात की हो." पण ऐकतो कोण?

माणिकप्पाने हात वर केला. "थांबा. अप्पा, तुमी राखणदार. ह्याच्या गळाला काय लावलं होतं? बघितलं का तुमी?"

अप्पांनी 'बघितलं' म्हटलं असतं तर खाजामियाँ त्याच क्षणी सुटला असता. मला वाटलं, म्हणतीलच. कोण आपली चूक चारचौघांत कबूल करतो?

"न्हाई," अप्पा म्हणाले. "म्या मान फिरवली होती."

खाजामियाँचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने डबी उघडली आणि उरलेली सगळी गोळी तोंडात टाकून गिळली. "घ्या. जहर असंल तर मी बी मरतो."

"उरलेली चांगली असंल," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "घातलेली येगळी असंल!"

बघा मित्रांनो, संशयाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही.

अप्पा मात्र डोहाकडे बघत होते. मेलेल्या माशांच्या मधून एक काळी मरळ वर आली, तोंड पाण्याबाहेर काढून वारा प्यायली आणि शेपटी मारून खाली गेली. मग दुसरी आली.

"माणिकप्पा," अप्पा म्हणाले, "ही मरळ म्या रोज बघतो. वर येऊन वारा पिती. बाकीच्यांना ते जमत न्हाई. गाळ उलटला अन् त्यांचा दम कोंडला. जहर असतं तर ही कशी जगली असती?"

"वाटतंय म्हणून पाणी प्यायचं का, अप्पा? बायका-लेकरं हायत गावात."

"न्हाई. वाटतंय म्हणून न्हाई."

आणि अप्पा उठले. गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. सोमवारचा कडक उपास असलेला, गांडुळाकडे बघायला नको म्हणणारा तो माणूस गुडघाभर पाण्यात शिरला. मेलेले मासे त्याने हाताने बाजूला सारले, ओंजळ भरली आणि ते काळसर, वासाचं पाणी प्यायला. एक ओंजळ, मग दुसरी. त्यांची बायको नीलाबाई काठाकडे धावली.

"आता दिवेलागणीपर्यंत म्या हितंच बसतो," अप्पा म्हणाले. "मेलो, तर खाजाभाईला उठवा गावातून. न्हाई मेलो, तर मासे काढा अन् उद्यापासून पाणी भरा."

कुणीही घरी गेलं नाही. खाजामियाँ अप्पांशेजारी बसला. मी त्याच्या मांडीवरच होतो, म्हणून पुढचं ऐकलं.

"अप्पा, तुमी बघितलं म्हणले असते तर काय बिघडलं असतं? माझा जीवच गेला होता."

"ते खोटं झालं असतं रे. मान म्या फिरवली अन् गाव तुला उठवायला निघालं, असं कसं चालंल?" अप्पांनी पोटावरून हात फिरवला. "आता बोलायला लावू नको मला. मळमळ होऊन राहिली नुसती."

दिवे लागले. अप्पा जिवंत होते, फक्त भुकेने चिडले होते. सगळ्यात आधी धोंडाबाई उठली. पदर खोचून पाण्यात उतरली आणि मेलेले मासे टोपलीत भरू लागली. मग एकेक करून बाकीचेही उतरले. खाजामियाँला 'चुकलं' असं कुणी म्हटलं नाही. माणिकप्पाने फक्त टोपलीची एक कड त्याच्या हातात दिली.

मित्रांनो, मी अजून संशयीच आहे. आभाळावर संशय घेतो, सोप्या माशावर घेतो. पण त्या दिवसापासून एक शिकलो. ज्यांनी त्या गोळीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, त्यांनाच तिच्यात जहर असल्याची सगळ्यात जास्त खात्री होती. आणि ज्या एकाने आपण पाहिलं नाही असं सांगितलं, त्यालाच ते पाणी प्यावं लागलं.

आता खाजामियाँच्या घरी भिंतीच्या फटीत मी खोचलेला आहे. अंगावर गंज चढलाय, पण टोक अजून शाबूत आहे. तुम्ही मला काढायला हात घालालच, ओळखतो मी तुम्हाला. घाला खुशाल. पण मान फिरवून घालू नका. आधी नीट बघा, मग हात लावा.