कार्ड भरून पाहताना

आमचे धाकटे बंधुराज स्वस्त दिसलं की विरघळलेच! बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला आठ दिवस उरले होते आणि यांनी ऑनलाइन मेमरी कार्ड मागवलं, हजार जीबीचं, चहा-बिस्किटांच्या भावात. आई गेल्यापासून नऊ वर्षं बाबा गायले नव्हते. त्या दिवशी गातो म्हणाले होते. ते रेकॉर्डिंग या कार्डावर?

"ताई, कॉम्प्युटर हजार दाखवतोय की!"

"दाखवायला काय जातंय? भरून बघू."

माझं निम्मं आयुष्य मोबाइल दुरुस्त करण्यात गेलंय. खोटं कार्ड मावेल तेवढं ठेवतं, बाकीचं गिळतं आणि वर साळसूदपणे 'कॉपी झालं' म्हणतं. म्हणून घरच्या जुन्या कॉम्प्युटरमधलं होतं नव्हतं ते त्यात ओतलं आणि कार्डावरून एकेक फाइल उघडायला बसलो. जेमतेम बत्तीस जीबी उघडलं, पुढे सगळा आनंदीआनंद.

विक्रेत्याला कळवलं, तर म्हणे, "आधी पाच तारे द्या, मग पैसे परत."

"मेल्याला दिवसा तारे दाखवते!" मी सगळ्या तपासणीचा व्हिडिओ वेबसाइटकडे धाडला. दुसऱ्याच दिवशी पैसे परत.

पण खरी गंमत वेगळीच. उघडलेल्या फायलींत एक बिननावाची होती. आधी बाबांचं गाणं, आणि मध्येच आई: "अहो, सूर सोडलात! पुन्हा घ्या पहिल्यापासून."

आम्हाला हे रेकॉर्डिंग आहे हेच ठाऊक नव्हतं. भाऊ ढसाढसा रडला. मी त्याला रडूबाई म्हणाले आणि स्वतःही रडले.

वाढदिवसाला दुकानातून आणलेलं, भरून तपासलेलं कार्ड कॅमेऱ्यात घातलं. बाबांनी सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला थांबले.

"नाही रे जमत. ती नाही ना समोर."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलचं बटण दाबलं.

"अहो, सूर सोडलात! पुन्हा घ्या पहिल्यापासून."

बाबा दचकले. डोळे भरले, आणि मग खो-खो हसत सुटले.

"ऐकलंत? अजून चुका काढतेय!"

ताठ बसले, घसा खाकरला आणि पहिल्यापासून अख्खं गाणं गायले. सूर मात्र पुन्हा तिथेच सोडला.