हॉरिबलची पाच वाक्यं

बेलवलीहून उल्हासनगरला, कॅम्प एकच्या इंग्रजी क्लासला जायचं तर सहा महिन्यांची पोर ठेवायची कुठं? अंजनीचा हा प्रश्न तिच्या सासूनं, वेणूबाईनं, चुटकीसरशी सोडवला होता. "मी हाय न्हवं? तू शीक."

पोरीला वेणूबाई गाणं म्हणत निजवायची. विहारात पौर्णिमेची वंदना झाली की बायका गाण्यासाठी तिलाच पुढं बसवायच्या. आवाज चिरका होता, पण पार रस्त्यापर्यंत जायचा.

एका आठवड्यात क्लासच्या सरांनी शब्द दिला, हॉरिबल. "भयंकर, वाईट, नकोसं. वासाला लावा, चवीला लावा, अपघाताला लावा. घरातली पाच वाक्यं आणा."

गटाराचा वास, करपलेली भाजी, तापाचं औषध, पडलेलं स्वप्न. चार झाली. पाचवं काही सुचेना. पोर कधीच निजलेली, तरी आत सासूचं गाणं चालूच. घटकाभर गप्प बसल्या असत्या तर! त्या चिडीत अंजनीनं लिहून टाकलं. सरांनी ‘व्हेरी गुड’ दिलं.

पौर्णिमेला वेणूबाईनं ती वही विहारात नेली. तिला अक्षरओळख नव्हती. सुनेचं इंग्रजी चार बायकांनी ऐकावं, एवढीच हौस. शेजारचा श्यामकांत ऑफिसात कारकून, त्याच्या हातात वही दिली.

"मोठ्यानं वाच रे, आन् मराठीतबी सांग!"

तो एकेक वाक्य वाचून अर्थ सांगत गेला. गटार आलं तशा बायका खिदळल्या. पाचवं त्यानं त्याच तालात वाचलं, "माय मदर-इन-लॉज सिंगिंग इज हॉरिबल," आणि एकदम थांबला. दारात पोरीला घेऊन उभी असलेली अंजनी मान खाली घालून पोरीचं झबलं सारखं करू लागली.

"सांग की."

"काकू, सासूबाई छान गातात, असं लिहिलंय."

वेणूबाईनं त्याच्या हातातनं वही परत घेतली. "गटाराला लावलेलाच शब्द न्हवं ह्यो?"

वंदना झाल्यावर बायकांनी तिला गायला पुढं बोलावलं. त्या दिवशी तिनं घसा बसलाय म्हणून सांगितलं.

घरी अंजनी रडकुंडीला आली. "आई, वाक्य भरायला लिहिलं हो. चुकलं माझं."

"मास्तरनं बरोबर दिलं न्हवं? मग झालं. उद्या क्लास बुडवू नको."

खरंच, वेणूबाईनं क्लास बुडू दिला नाही. पोरीला न्हाऊ-माखू घातलं, जेवूखाऊ घातलं. निजवताना मात्र नुसतं थोपटायची. पोर मान वर करून तिच्या तोंडाकडं बघत राही, आणि मग भोकाड पसरी.

एका दुपारी अंजनीनंच सासूचं ते गाणं धरलं. दोन ओळी झाल्या आणि ती अडली. इतके महिने रोज कानावर पडत होतं, पण पुढचं तिनं कधी ऐकलंच नव्हतं.

वेणूबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.