बुजवलेली टाकी

दोघा भावांच्या मागे हमरस्त्यावरचा पेट्रोलपंप दोघी जावांकडे आला. थोरली टाक्या आणि टँकर बघायची, धाकटी गिऱ्हाइकं. दोघींची कुरबुर चालायची, पण पंपाच्या आवाराबाहेर कधी गेली नाही.

मग दूर कुठेतरी लढाई पेटली, समुद्रातली वाट बंद झाली आणि टँकर यायचे थांबले. टाकीत सोडलेली मोजपट्टी कोरडीच वर आली, तेव्हा थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. ‘पेट्रोल नाही’ अशी पाटी लावून ती रस्त्याकडे बघत बसली. रस्त्यावर बॅटरीच्याच काय त्या गाड्या दिसत होत्या.

एक टाकी बुजवून तिथे चार्जिंगची यंत्रं बसवावीत, हा धाकटीचा जुना हट्ट. पाहुण्यांचा आणि विजेचा भरवसा नसतो, असं म्हणून थोरली तो उडवून लावायची. आज तिनं नीट विचारलं.

"वीज तरी कुठून येते गं? कोळसाच जाळतात ना?"

"जाळतात, ताई. पण उद्या ती उन्हावर होईल, वाऱ्यावर होईल. पेट्रोलला तेलावाचून दुसरं माहेर नाही."

"बरं, बुजवू एक टाकी," थोरली म्हणाली.

काही आठवड्यांनी टँकर सुरू झाले. आता ही शब्द फिरवणार, अशी धाकटीला धास्ती. पण थोरलीनं स्वतःच माणसं बोलावली. एक टाकी बुजवायची, दुसरी चालू ठेवायची. सगळंच एका दिवसात सोडायला आपण काही संन्यासी नाही, म्हणाली.

वाळू ओतण्याआधी रिकाम्या, धुतलेल्या टाकीचं झाकण उघडलं. तरी वास आलाच. थोरलीचा नवरा रोज हाच वास अंगावर घेऊन घरी यायचा आणि ती त्याला आधी अंघोळीला पिटाळायची. ती झाकणाजवळ वाकली.

"चक्कर येईल, ताई," धाकटीनं दंड धरला.

"येऊ दे."

मग तिनं माणसांना मान डोलावून खूण केली.

यंत्रं लागली. एका सकाळी रात्रपाळी उरकलेली नर्स गाडी चार्जिंगला लावून आतच झोपी गेली. ती पेट्रोलच्या रांगेत आहे असं समजून मागून एकानं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. थोरली तरातरा त्याच्या खिडकीशी गेली.

"झोपू दे तिला. तुमची पेट्रोलची आहे ना? या, मी भरते."