नोकरी सोडू दिली

नात दूर देशी वाढलेली. तिला इंग्रजीखेरीज काही कळत नव्हतं. म्हणून निवृत्त फोरमन आणि त्यांची बायको संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाला जाऊ लागले. वर्ग सायकलच्या दुकानावर, माडीवर भरायचा. खालून हातोडीची ठोकठोक चालूच असायची.

एके दिवशी बाईंनी प्रयोजक क्रियापदं घेतली. "काम आपण करत नाही, दुसऱ्याकडून करवतो, तेव्हा ही लागतात. मेक म्हणजे करायला लावणं. लेट म्हणजे करू देणं. गेट म्हणजे गळ घालून करून घेणं."

फोरमन खूश झाले. जन्मभर त्यांनी दुसरं केलं काय होतं? बाईंनी वाक्य मागताच त्यांनी खणखणीत इंग्रजीत सांगितलं, "मी माझ्या बायकोला नोकरी सोडू दिली."

"छान! लेट बरोबर वापरलंत."

"मेक हवं तिथे," शेजारून बायको म्हणाली. "सोडायला लावली."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी दोघांकडे पाहिलं. "व्याकरणाने दोन्ही बरोबर आहेत," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडे वळल्या.

वर्ग सुटल्यावर दोघं चौक ओलांडू लागले. फोरमन म्हणाले, "आई अंथरुणाला खिळली होती. तूच म्हणालीस, सोडते म्हणून."

"तुम्ही माझा नर्सचा गणवेश परस्पर देऊन टाकलात, त्यानंतर म्हणाले."

"अगं, जुना झाला होता तो."

"कोरा होता."

"मग तेव्हाच बोलायचं होतंस."

"बोलणार कुणाशी? तुम्ही घरातही फोरमनच होतात."

 काही दिवसांनी एका सकाळी बायको आपल्या जुन्या प्रसूतिगृहात जाऊन आली. तिच्या हाताखाली शिकलेली मुलगी तिथे आता मेट्रन होती. नव्याने आई झालेल्या बायकांना बाळ कसं धरायचं, कसं न्हाऊ घालायचं, हे शिकवायचं काम मिळालं.

"मला न विचारता?" फोरमननी विचारलं.

"सांगतेय ना आता."

"आणि माझ्या जेवणाचं?"

"स्वयंपाकघर कुठे आहे, माहीत आहे तुम्हाला."

ते फणफणत अंगणात जाऊन बसले.

पहिल्या दिवशी ती परतली तेव्हा पाय सुजून भप्प झाले होते. फोरमननी गरम पाण्याची बादली आणून तिच्यापुढे ठेवली. तिने पाय बुडवले आणि चटकन वर घेतले.

"किती कढत!"

ते गार पाणी आणायला उठले.