उजव्या कानावरचा हात

मी एक जुना हेडफोन आहे, मित्रांनो. डोक्यावरून कमानीसारखा जाऊन दोन्ही कान पुरते झाकणारा, काळा, जाड गाद्यांचा. माझ्या जातीतले पुष्कळ जण नुसती गाणी ऐकवतात. मी त्यांच्याहून वरच्या वर्गातला. मी शांतता ऐकवतो. ही माझी फुशारकी नाही, माझ्या खोक्यावर तसं छापलेलंच होतं. आता त्या खोक्यात घरातली सुटी बटणं आणि सुयादोरे असतात, आणि माझ्या गाद्यांचे पापुद्रे निघून मालकिणीच्या केसांत अडकतात. वय कुणाला चुकलंय?

शांतता कशी ऐकवतात, असं तुम्ही विचाराल. माझ्या अंगावर बाहेरच्या बाजूने बारीक छिद्रं आहेत आणि त्यांच्यामागे इवलेसे माइक बसवलेले आहेत. बसचं इंजिन घरघरलं की ते आधी मी ऐकतो. मग बरोबर त्याच्या उलटा आवाज तयार करून आत सोडतो. दोघे एकमेकांना भिडतात आणि दोघेही नाहीसे होतात, पाचातून पाच वजा केल्यासारखे. म्हणजे मालकिणीला जे ऐकू येऊ नये, ते सगळं मला आधी नीट ऐकावं लागतं. पंखे, इंजिनं, एसी हे तर माझ्या हातचा मळ. माणसाचा आवाज मात्र चिवट असतो. तो चढतो, उतरतो, मध्येच हसतो; मला काही तो पुरता पुसता येत नाही. पण वर एखादं गाणं लावलं की तोही बुडतो.

मी ज्या कारखान्यात तयार झालो तिथे शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. ती प्रत्येक हेडफोन एका रबरी डोक्यावर चढवायची, बाजूला मोठा गोंगाट सुरू करायची आणि मीटरच्या काट्याकडे बघायची. मी पहिल्याच फटक्यात पास झालो. खोक्यात ठेवण्याआधी तिने माझ्या गादीवरची धूळ हलकेच फुंकली. आईची माया म्हणतात ती माझ्या वाट्याला एवढीच आली, पण ती मला अजून आठवते.

माझी मालकीण चिंगी. तिचं खरं नाव दुसरंच आहे, पण तिचे बाबा तिला चिंगी म्हणायचे, म्हणून माझ्यासाठीही ती चिंगीच. तिशीची, हुशार, जरा हट्टी. डॉक्टर लोक रोग्याला तपासून झालं की आपलं म्हणणं यंत्रात बोलून ठेवतात. ते ऐकून टाइप करायचं हे तिचं काम. कुणी घसा खाकरत बोलतो, कुणी तोंडात घास घेऊन. एक शब्द सुटला तर डाव्या गुडघ्याचं दुखणं उजव्याला जायचं. दिवसभर असे परके आवाज कानांत साठवून संध्याकाळपर्यंत तिचे कान विटून जायचे. म्हणून तिने मला आणलं, बसच्या जायच्या-यायच्या प्रवासासाठी.

त्याच बसने तिचे बाबाही जायचे. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमीत बसवायचं त्यांचं काम, आणि दुकान तिच्या ऑफिसच्या दोनच थांबे अलीकडे. चिंगीची आई जाऊन काही वर्षं झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ही दोघंच. बाबांचा स्वभाव मोठा गमतीचा. समोरासमोर बसलं की त्यांना बोलता यायचं नाही. जेवताना तर 'मीठ दे' यापुढे गाडी जायची नाही. पण कुणाच्या शेजारी बसलं, नजर खिडकीबाहेर असली, की त्यांना वाचा फुटायची. त्यामुळे बाप-लेकीचं जे काही बोलणं व्हायचं ते बसमध्येच.

पहिल्या दिवशी त्यांनी मला हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं.

"हे घातलं की ऐकू येत नाही?" त्यांनी विचारलं.

"हो. तेच तर आहे त्याच्यात," चिंगी म्हणाली.

"आमचे मास्तर हेच काम फुकटात करायचे. कानाखाली एक दिली की दिवसभर शांतता."

चिंगी खूप हसली. मग बाबा हिरमुसतील म्हणून तिने त्यांना माझी एक खुबी दाखवली. माझ्या उजव्या बाजूवर तळहात ठेवला की मी काम थांबवतो, गाणं हळू करतो आणि बाहेरचा आवाज आत सोडतो. "मी असा हात ठेवला ना बाबा, की समजा मी ऐकतेय," ती म्हणाली.

बाबांनी हे मनात पक्कं धरलं. चष्म्याच्या कामात एकदा नंबर लिहून दिला की तो पुन्हा विचारायचा नसतो. त्यांचा स्वभावच तसा झाला होता. चिंगीचा हात मांडीवर असला की ते गप्प बसून खिडकीबाहेर बघायचे. हात उजव्या कानावर गेला की सुरू.

ते माझे वैभवाचे दिवस होते. ऑफिसातल्या बायका मला आळीपाळीने डोक्यावर चढवून "अगं बाई, जग बंदच झालं" असं म्हणायच्या. चिंगी मला मऊ फडक्याने पुसायची. आणि येता-जाता चिंगीचा तळहात माझ्यावर टेकला की मी बाजूला व्हायचो आणि बाबांचा आवाज आत यायचा. माझं काम आवाज अडवायचं. पण खरं सांगतो मित्रांनो, तो आत सोडताना मला जास्त बरं वाटायचं.

मग एके दिवशी बसने करकचून ब्रेक लावला आणि मी चिंगीच्या गळ्यातून सुटून पत्र्यावर आपटलो, नेमका उजव्या बाजूवर. वरून ओरखडाही नव्हता, पण आतली तळहाताची जाण गेली. त्यानंतर कुणी कितीही हात ठेवला तरी मला कळायचं नाही. चिंगीने दोन-तीनदा करून पाहिलं, "बिघडलं वाटतं," असं पुटपुटली आणि विसरली. दुरुस्तीला टाकायचं म्हणजे मला काही दिवस सोडून राहायचं, ते तिला नको होतं. बाबांना सांगायचंही राहून गेलं. सांगण्यासारखं त्यात तिला काही वाटलंच नाही.

पुढे तिचं काम वाढलं. बसमध्ये बसली की तिचे डोळे मिटायचे. मान दुखायची म्हणून ती कोपर खिडकीच्या कडेवर टेकवून डोकं हातावर ठेवायची. हात कुठे यायचा? बरोबर माझ्या उजव्या बाजूवर. आणि बाबा बोलायला लागायचे.

मला सगळं ऐकू यायचं. एक गिऱ्हाईक चष्मा हरवला म्हणून नवा करायला आलं होतं, आणि जुना त्याच्या कपाळावरच होता. बाबांनी तोच अलगद काढला, काचा पुसल्या आणि त्याला दिला. ते म्हणालं, "वा, अगदी असाच होता माझा." हे सांगताना बाबा स्वतःच इतके हसले की त्यांना ठसका लागला. चिंगी तेवढ्यात झोपली होती. बाबांनी वाट पाहिली, मग रुमालाने डोळे पुसले आणि बाहेर बघत बसले. दुकानातल्या मांजरीने काचांच्या खोक्यात पिल्लं घातली, तेही तिला कळलं नाही. मला तोंड असतं तर मी हसलो असतो, निदान एकाने तरी दाद द्यावी म्हणून.

आणि मग तो दिवस आला. संध्याकाळची बस, बाहेर दुकानांचे दिवे नुकते लागत होते. चिंगीचा हात माझ्यावर होता आणि आत एक संथ गाणं चाललं होतं. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

"आक्का बाथरूममध्ये पडली," ते म्हणाले. आक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण, चिंगीची आत्या. लांबच्या गावी एकटीच राहायची. "खुब्याला लागलंय. म्हणते, तू ये माझ्याकडे राहायला. मी म्हटलं, चिंगीला विचारून सांगतो."

बस सिग्नलला थांबली. बाबा खिडकीशीच बोलत होते.

"एकदा गेलो की मग तिकडचाच होईन. या वयात सारखं इकडून तिकडे होत नाही. तुलाही शांतता आवडते, आणि माझी आपली टकळी चालूच. पण तू नको म्हणालीस तर नाही जाणार गं. आक्काला सांगेन काहीतरी. जाऊ का मी?"

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की आपली बॅटरी आत्ताच्या आत्ता संपावी. पण चिंगीने दुपारीच मला चार्ज केलं होतं. मी काठोकाठ भरलेला होतो. बाबा थांबले. सिग्नल सुटला, बस एका खड्ड्यातून गेली आणि चिंगीची मान खाली-वर हलली.

"बरं," बाबा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी घरी बॅग काढली. मी चिंगीच्या गळ्यात होतो.

"हे काय?" तिने विचारलं.

"रविवारची गाडी आहे. आक्काकडे जायची."

"किती दिवस?"

बाबा गोंधळले. "दिवस कसले? राहायलाच. ठरलं ना आपलं."

तिचा चेहरा पडला. आपलं म्हणजे त्यांचं आणि आत्याचं ठरलं, असंच तिला वाटलं. 'मला विचारलंसुद्धा नाही,' हे ती बोलली नाही, गिळून टाकलं. "जा की मग," ती म्हणाली, "मी कुठे अडवतेय?" बाबांनी मान डोलावली आणि बनियनच्या घड्या घालायला लागले. आणि मी दोघांच्या मध्ये, चिंगीच्या गळ्यात लटकून होतो.

ते गेले. चिंगी बसमध्ये बाजूच्या जागेवर पिशवी ठेवायला लागली. घरी आल्यावरही ती मला काढेना. स्वयंपाक करताना, भांडी घासताना, जेवताना मी डोक्यावर. आणि मला करायला कामच नव्हतं, कारण त्या घरात पुसण्यासारखा आवाजच उरला नव्हता. चपला काढताना भिंतीला हात टेकण्याचा नाही, वर्तमानपत्राची घडी मोडण्याचा नाही. मला बाबांची आठवण यायची. यंत्राला आठवण येते का, ते शहाण्यांनी ठरवावं, मला यायची. चिंगीला तर यायचीच. फोनवर मात्र दोघं 'जेवलीस?' आणि 'जेवले' यापुढे जायची नाहीत. पुसायचं फडकंही ती विसरली, आणि माझ्या गाद्या घामाने कडक झाल्या.

एके संध्याकाळी बस गर्दीत अडकून पडली. तेवढ्यात फोन आला. फोन आला की गाणं थांबतं आणि पलीकडचा आवाज मी थेट कानांत सोडतो.

"कुठे आहेस?" बाबा.

"बसमध्ये."

"बसायला मिळालं?"

"हो."

"मी पण बसलोय. अंगणात बाक आहे, त्यावर. समोर नुसता रस्ता आहे." त्यांचा आवाज मोकळा होता. समोर कुणी नव्हतं ना. "बाजूला कोण आहे तुझ्या?"

"कोणी नाही. पिशवी आहे."

तिला काय झालं कोण जाणे, ती एकदम बोलून गेली, "बाबा, तुम्ही मला एकदा तरी विचारायचं होतं."

"काय?"

"जाऊ का म्हणून."

"विचारलं की. बसमध्येच. तुझा हात कानावर होता, म्हणून तर विचारलं. तू मान हलवलीस."

चिंगीचा हात हळूच माझ्या उजव्या बाजूवर आला. "ते बिघडलंय, बाबा. हा पडला होता ना, तेव्हापासून. हात ठेवला तरी काही होत नाही."

"मग ठेवायचीस कशाला?"

"झोप यायची. मान दुखायची."

पलीकडे बाबा हिशेब लावत असावेत. "म्हणजे ते कपाळावरच्या चष्म्याचं गिऱ्हाईक?"

"नाही."

"आणि मांजरीचं?"

"नाही ऐकलं."

"तरीच. म्हटलं, इतकं छान सांगितलं आणि ही हसली कशी नाही." ते थोडं हसले, मग त्यांचं हसू विरलं. "थांब. मग पुन्हा विचारतो." त्यांनी घसा साफ केला. "आक्का पडलीय. एकटी आहे. ये म्हणते. चिंगे, मी जाऊ का?"

"नका जाऊ, बाबा," चिंगी म्हणाली. म्हणाली म्हणजे इतक्या मोठ्याने, की पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली. चिंगीच्या डोळ्यांतून पाणी येऊन माझ्या गादीत मुरलं.

बराच वेळ पलीकडून नुसता श्वास येत होता. जो आवाज मी गाण्यांखाली बुडवला होता, त्याचा तो नुसता श्वास मी पूर्ण उचलला आणि तिच्या कानांत ठेवला.

"एवढंच ऐकायचं होतं गं मला," बाबा म्हणाले.

ते लगेच परत आले, असं सांगायला मला आवडलं असतं. पण आत्या अजून काठीशिवाय चालत नाही, आणि तिला तिसरा मजला चढवत नाही. 'आक्का बरी झाली की येतो,' असं बाबा म्हणतात. रोज बस सुटली की त्यांचा फोन येतो. ते बाकावर बसून रस्त्याकडे बघत बोलतात, चिंगी खिडकीबाहेर बघत ऐकते, आणि गिऱ्हाइकाच्या गोष्टीला तिने दोनदा हसून दाखवलं आहे.

म्हणून सांगतो मित्रांनो, मला पुसा, मऊ फडक्याने पुसा, आपटू नका, बिघडलो तर वेळेवर दुरुस्तीला टाका. आणि माझ्यातलं काय बिघडलं आहे ते घरच्यांना सांगून ठेवा. पण तुमच्या शेजारी आपलं माणूस बसलं असेल, तर मला डोक्यावर ठेवूच नका. त्याला काही सांगायचं आहे की नाही, ते चेहऱ्यावरून दिसत नाही.

माझी स्वतःची आता एकच इच्छा आहे. एखाद्या सकाळी बाबा बसमध्ये चढावेत, चिंगीने ती पिशवी उचलून त्यांना जागा द्यावी आणि मला बंद करून त्याच पिशवीत टाकावं. पिशवीत मला काहीच ऐकू येणार नाही. ते काय बोलले, ते मला कधीच कळणार नाही. तरी चालेल.