बापाच्या वाट्याचे महिने

ओद्दुरने रजा मागितली ती नेमकी जानेवारीच्या शेवटी, कॉड माशांचे थवे किनाऱ्याजवळ यायला लागले तेव्हा. आमच्या बोटीचा कप्तान तोर्फी हा त्याचा सासरा, म्हणजे त्याच्या बायकोचा, ब्रिएतचा, बाप. मी त्याच बोटीवर इंजिन सांभाळतो आणि राहतो ओद्दुरच्या शेजारी, त्यामुळे दोन्हीकडचं माझ्या कानावर यायचं.

"किती दिवस?" तोर्फीने विचारलं. आम्ही सगळे बोटीच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसलो होतो.

"पाच महिने."

"पोरगी ब्रिएतला झाली. तुझं कुठं दुखतंय?"

सगळे हसले. ओद्दुर लाल झाला, पण मागे हटला नाही. "आईचे महिने ब्रिएतने घेतले. हे बापाचे आहेत. मी नाही घेतले तर ते बुडतात, तिला काही मिळत नाहीत."

"बुडू देत. ऐन हंगामात मासे बुडाले तर काय करशील?"

"मासे कुठे बुडतात, तोर्फी? ते पाण्यातच असतात," आमचा स्वयंपाकी बेर्सी म्हणाला.

"तू कांदे चीर," तोर्फी त्याच्यावर खेकसला.

कायद्याने दिलेली रजा नाकारणं कप्तानाच्या हातात नव्हतं. त्याने बदली माणूस शोधला आणि वसंत ऋतू येईपर्यंत जावयाशी कामापुरतं बोलणंही टाकलं.

ब्रिएत शाळेत गणित शिकवते. ती कामावर रुजू झाली आणि घरात ओद्दुर आणि सात महिन्यांची साल्का अशी दोघंच उरली. पहिले दिवस फार वाईट गेले. साल्का बाटली तोंडात घेईना. चमच्याने भरवलेलं ओद्दुरच्या स्वेटरवर थुंकायची, दाराकडे बघून टाहो फोडायची. भिंतीपलीकडून मला ते रडणं ऐकू यायचं आणि मध्येच ओद्दुरचं गाणं, तेही बेसूर. एकदा तो बाबागाडी ढकलत धक्क्यावर आला. आमची बोट रिकामी होत होती, मासळीच्या पेट्या वर चढत होत्या. तो बराच वेळ बघत उभा राहिला.

"येतोस का परत?" मी विचारलं.

"आत्ता म्हणशील तर आत्ता येतो," तो म्हणाला. "वादळात दोर ओढणं परवडलं. तिथे निदान कळतं तरी, दोर हवाय की नकोय."

त्या रात्री त्याने ब्रिएतलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "मलाही पहिल्या महिन्यात काही कळत नव्हतं. पण मला कुणी विचारलं नाही, परत जातेस का म्हणून." मग ओद्दुरने तो विषय पुन्हा काढला नाही.

हळूहळू रडणं कमी झालं. साल्का दुपारी, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, थंडीतही अंगणात बाबागाडीत झोपायची आणि ओद्दुर खिडकीशी बसून जाळी विणायचा. तिला दात येताना कशाने बरं वाटतं, कोणत्या कुशीवर ती लवकर झोपते, हे त्याला न बघता कळायला लागलं. नर्स तपासायला आली, तेव्हा तिच्या प्रश्नांना उत्तरं तोच देत होता.

मे महिन्यातल्या एका रविवारी तोर्फी अचानक त्यांच्याकडे आला. लेकीने बोलावलं म्हणून आलो, असं म्हणाला. मीही तिथेच होतो. पॅनकेक चालले होते. साल्का बाकाला धरून उभी होती. हात सुटला आणि ती तोंडावर आपटली. ओठातून रक्त आलं. ब्रिएत जवळच होती, तिने झटकन उचलून छातीशी घेतलं. पण साल्काने अंग ताणलं, आईच्या खांद्यावरून दोन्ही हात बापाकडे पसरले आणि जिवाच्या आकांताने ओरडायला लागली. ओद्दुरने घेतलं तशी ती हुंदके देत त्याच्या मानेत शिरली.

ब्रिएत ओट्याकडे वळली आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिली. तिचे खांदे हलताना आम्हाला दिसत होते.

"अगं, रोज दिवसभर मीच असतो ना, म्हणून..." ओद्दुर ओशाळून म्हणाला.

"मला माहीत आहे रे. मलाच तर हे हवं होतं," ती म्हणाली. "पण लागलं की ती माझ्याकडे येणार, हे मी धरूनच चालले होते."

मग बोलला तो तोर्फी. आमच्या कप्तानाला एवढं लांब बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"तिला जायला दोन जागा आहेत, ब्रिएत. तुला एकच होती. मी बोटीवरून यायचो, तेव्हा तू आईच्या मागे लपायचीस आणि विचारायचीस, हा माणूस जेवून जाणार का?"

"मी असं विचारायचे?"

"आई हसायची. मीही हसायचो. लोक म्हणायचे, खलाशाच्या घरी असंच असतं. मीही तेच धरून चाललो."

ब्रिएतने डोळे पुसले. "तुझ्या अंगाला डिझेलचा वास यायचा, एवढं आठवतं. तो वास मला आवडायला लागेपर्यंत तू परत गेलेला असायचास."

तोर्फीने मान हलवली. मग उठून "ये आजोबांकडे" म्हणत साल्काकडे हात केले. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि भोकाड पसरलं. ब्रिएतला रडता रडता हसू आलं. "थांब जरा, बाबा. तिला वेळ दे."

जुलैत ओद्दुर बोटीवर परतला. पहिल्या फेरीला सारखा किनाऱ्याकडे बघत होता. आम्ही त्याला चिडवलं नाही. पुढच्या हिवाळ्यात बेर्सी बाप झाला आणि रजा कशी मागावी म्हणून तीन दिवस घुटमळत होता. तोर्फीने त्याला बोलूच दिलं नाही. "स्वयंपाकाला दुसरा माणूस बघितलाय मी," तो म्हणाला, "तुझ्यापेक्षा बरा रांधतो."

तोर्फी आता दोन फेऱ्यांच्या मध्ये लेकीच्या घरी जातो. सुक्या मासळीचा तुकडा घेऊन जमिनीवर बसतो. साल्का पळत येते, हातातला तुकडा ओढून घेते आणि दूर उभी राहून चघळत त्याला निरखते. मांडीवर अजून बसत नाही.